आठ फुटांचा बोळ

४ मार्च १९५६

अखेर गाडी घेतली. मिलिटरी डिस्पोजलमधली, अमेरिकन, चारही चाकांना जोर असलेली. वाळूतून, चिखलातून, कशातूनही जाते. अलिबाग ते रेवदंडा अशी पुळणीवरून पॅसेंजर सर्व्हिस काढणार. रस्ता एस.टी.ला लखलाभ. सध्या मागचा ॲक्सल तुटलेला असल्यामुळे गाडी जात नाही, पण तो तपशील झाला.

गाडी अलिबागेत मेकॅनिकच्या अंगणात उभी आहे. तो म्हणतो, जागा अडते, घेऊन जा. नागावला आणून घरीच दुरुस्त करीन. त्यासाठी ट्रेलर हवा. गाडी भलतीच रुंद, तेव्हा ट्रेलर विचारपूर्वक निवडायचा.

कमळचं म्हणणं, तुळशीचे दिवस भरत आलेत, आत्ता नसते उद्योग नकोत. मुलीचं पहिलं बाळंतपण म्हटलं की बायका घाबरतात. अलिबागच्या दवाखान्यात नाव घातलेलं आहे. मी सांगितलं, तोवर गाडी तयार. पोरीला गाडीतूनच नेऊ.

६ मार्च

ट्रेलर पाहिले. पहिला लॉरीवाल्याचा, दोनचाकी. अरुंद. दुसरी लाकूड वाहायची लांब बैलगाडी. अमेरिकन गाडी त्यावर चढवणं मनाला पटेना. तिसरा माझ्या डोक्यातला: चारचाकी, बुटका, ऐसपैस. तोच पसंत. होड्या बांधणारा चांगदेव सुतार करून देणार.

चांगदेव म्हणाला, बोळ शिवदासभाऊंच्या भितीपाशी सव्वासात फूटच हाय, गाडी पावनेसात, चाकं आत घेऊन त्या मापानं करू. मी साफ नकार दिला. घराकडे येणारा हा एकच बोळ. एकीकडे माझी भिंत, दुसरीकडे चुलतभाऊ शिवदासची. त्याने ती बोळात सरकवली म्हणून माझा दावा अलिबागच्या कोर्टात चालू आहे. नकाशात बोळ आठ फूट. मी सव्वासात फुटांच्या हिशेबाने ट्रेलर केला, तर त्याची भिंत मान्य केल्यासारखं होईल. वकील म्हणतात, माणसाच्या वागण्यातूनही कबुली धरतात.

ट्रेलर पावणेआठ फुटांचा होणार. कायद्याने तीन इंच शिल्लक राहतात.

१३ मार्च, सकाळी

ट्रेलर उत्तम झाला. गाडीवान बुधाजीचे बैल जोडून गाडी आणतोय. चौलच्या वाटेवरचे लोकसुद्धा थांबून बघत होते.

दुपारी

बोळात शिरलो. मध्यावर करकर आवाज झाला आणि सगळं थांबलं. बुधाजीला म्हटलं, हाण. त्याने हाणलं. आणखी घट्ट बसलं. बैल पुढे, म्हणजे माझ्या अंगणात. गाडी मागे, म्हणजे बोळात. बाहेरून दोर लावून ओढलं तर दोर तुटला.

एका दृष्टीने बरंच झालं. शिवदासचं अतिक्रमण आता आंधळ्यालाही दिसेल.

१४ मार्च

आमच्या घरामागे खाडीचा चिखल, एका अंगाला निवडुंगाचं दाट कुंपण, दुसऱ्या अंगाला शिवदास. मी गाडीवर चढून ये-जा करतो. तेवढाच व्यायाम. सोनूबाई कोळीण बॉनेटवरून मासे देते आणि हसते. बैल अंगणातल्या केळी खातायत. बुधाजी पलीकडून हाक मारून विचारतो, बैलांनी पानी पिलं का? माझी चौकशी करत नाही.

तुळशीला गाडीवर चढता येत नाही. मी म्हटलं, अजून अवकाश आहे. ती म्हणाली, बाबा, ते तुम्ही ठरवणार का?

१५ मार्च

वकिलांकडे जाऊन आलो. दावा चालू असताना भिंतीला हात लावाल तर उलटेल, असा सल्ला. शिवदासच्या वकिलाने त्यालाही बजावलंय म्हणे, भिंत काढलीस की अतिक्रमण कबूल. म्हणजे दोघांनीही स्वस्थ बसायचं. कायदेशीर दृष्ट्या परिस्थिती अगदी भक्कम आहे.

कमळ एवढंच म्हणाली, तुमच्या दाव्यात माझी पोर अडकलीय. नंतर बराच वेळ गाडीत स्टिअरिंग धरून बसलो. खरं तर मला फार भीती वाटतेय.

१७ मार्च, सकाळी

तुळशीला कळा सुरू झाल्या. मी गाडीखाली जॅक लावायच्या विचारात होतो, तेवढ्यात कमळ भिंतीपाशी गेली आणि तिने शिवदासला हाक मारली. भावोजी, पोर अडकली. एवढंच. शिवदासने काही विचारलं नाही. पहार घेऊन आला आणि भिंत पाडायला लागला.

मी बुधाजीला म्हटलं, हा स्वतःच्या हाताने भिंत पाडतोय, तू साक्षीदार. बुधाजीने माझ्याकडे बघितलं आणि तुळशीला खुर्चीत बसवून उचलत होते, तिथे हात द्यायला गेला. पडलेल्या चिऱ्यांवरून, शिवदासच्या अंगणातून, त्याच्याच बैलगाडीतून तिला नेली. गाडीत मला जागा नव्हती. मागून चालत गेलो.

संध्याकाळी, अलिबाग

मुलगी झाली. दोघी सुखरूप. मी रडलो. शिवदासच्या हातांना फोड आले होते. मी ते बघितले आणि दुसरीकडे बघू लागलो.

१९ मार्च

वकील खूश. प्रतिवादीने स्वतःच भिंत पाडली, दावा जिंकल्यात जमा. तसा अर्ज द्यायचाय, सही तेवढी हवी. उद्या येतो म्हटलं.

२० मार्च

आता मधे भिंत नाही. ट्रेलर सुटलाच पाहिजे. बैल जोडले. जागचा हलला नाही. चांगदेवने वाकून बघितलं. शिवदासभाऊंच्या भितीला निस्तं घासलंय, म्हणाला. चाकाचा आस तुमच्या भितीत घुसलाय, चांगला वीतभर. ही पाडल्याबिगर न्हाय निघायचा.

माझ्याकडे पहार नाही. शिवदासच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. पहार मागितली. त्याने दिली नाही, स्वतःच घेऊन आला.

मी म्हटलं, दाव्याचं म्हणशील तर… तो म्हणाला, आधी चिरा काढ. परवा पोर बाळाला घेऊन यायची हाय.

पहार घेऊन दोनदा जोर लावला. चिरा निघाला नाही. मग त्याने काढला. मी चिरे उचलून बाजूला ठेवत गेलो. वकिलांकडे गेलो नाही.