शिवलेली पट्टी

प्रिय अनिता,

दौंडच्या कॉन्व्हेंटमध्ये सुईकामाच्या तासाला आपण एका बाकावर बसायचो. धाग्याचं टोक उघडं दिसलं की सिस्टर सगळं उसवायला लावायच्या, म्हणून तू हळूच माझं टोक आत दुमडून द्यायचीस.

तीच सवय नडली. तुझ्या दादाच्या जुन्या शिडाच्या होडीत डोलकाठी ताणून धरणारी एक पिळाची तार उसवायला लागली होती. तिचे धागे त्याच्या बोटांत घुसायचे. मी त्यावर कापडाची पट्टी घट्ट शिवली. आतून तार तुटत गेली, ते कुणाला दिसलं नाही. भीमेच्या धरणाच्या फुगवट्यावर वारा सुटला आणि डोलकाठी त्याच्या डोक्यावर कोसळली.

दादा गेल्यावर जलदानाच्या दिवशी तू होडी दुरुस्त करणाऱ्या म्हाळूला सगळ्यांसमोर म्हणालीस, "काम तुझं, खूनही तुझाच." त्याने मान खाली घातली. मी गप्प राहिले. त्यानंतर त्याला कुणी काम दिलं नाही.

गेल्या आठवड्यात मी त्याला बोलावलं. त्याने नवी डोलकाठी उभारली, सगळ्या तारा बदलल्या. जाताना म्हणाला, "वैनी, तार कवा झाकू न्हाई. तुटल्याली दिसली पायजे." अपघातानंतर तुटकी तार त्यानेच गोळा केली होती. पट्टी त्याने तेव्हाच पाहिली होती.

हे पाठवायचा धीर नाही. माझ्यामागे कपाटात सापडेल. दादाचं घड्याळ तुझ्या भाग्यश्रीला, पुस्तकं विहाराला. होडी म्हाळूची. ती द्यायला तू स्वतः त्याच्या दारी जा, आणि हे पत्र तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने वाच.

तुझी वहिनी, त्याआधीची मैत्रीण,
गौतमी