न दुखणारी गाठ

९ डिसेंबर
शेतांतलं पाणी ओसरलं, चिखल वाळला. आता हळूहळू जखमांचे पेशंट येऊ लागतील — दरवर्षीचंच! आम्ही दवाखान्यातले सगळे समजायचो, कोरड्या हवेचा, धुळीचा रोग. नव्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "सिस्टर, जंतू शिरतो पाणी भरलेलं असताना. मग महिनोन्‌महिने कातडीखाली दबा धरून बसतो. आधी नुसती गाठ, जखम फार नंतर. आपण आत्ताच गाठी शोधायच्या!"
इतकं साधं. आणि कुणालाच सुचलं नव्हतं.

१२ डिसेंबर
बाई दारोदार फिरतायत. चप्पल तुटली, तर पट्ट्याला सुतळी बांधून पुढे! "बाह्या वर करा, पोटऱ्या दाखवा." लोक हसतात. त्याही हसतात. थकत कशा नाहीत?

१३ डिसेंबर
आमच्याच घरात! सासूबाईंच्या दंडावर गाठ.
"दुखत नाही, खुपत नाही. औषध कशाला?" मी समजावलं, ह्यांनी समजावलं — पालथ्या घड्यावर पाणी. गेल्या वर्षी अशीच जखम घेऊन दवाखान्यात आलेली मासेवाली आठवते. जखम भरली, पण कोपर कायमचा आखडला.

१४ डिसेंबर
संध्याकाळी बाई स्वतः घरी आल्या. उपदेश नाही, काही नाही. सासूबाईंसोबत शेंगा सोलत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "आजी, ही दुखत नाही ना, म्हणूनच मला भीती वाटते. चोर काय दार वाजवून येतो?"
सासूबाईंनी बाही वर केली. "बरं, तपासा एकदाची!"
काय बाई आहे ही!

२० डिसेंबर
रिपोर्ट आला. तोच रोग. गोळ्या सुरू. सासूबाई तोंड वाकडं करतात, पण घेतात.

२८ जानेवारी
गाठ बोटाला लागतच नाही! सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दंड दाखवतायत. "मोठी गुणाची हो ती डॉक्टरीण!" इतकी वर्षं मी नर्स आहे, मला कधी म्हणाल्या नाहीत — असू दे. खरंच आहे ते.

११ फेब्रुवारी
बांधावरून झालेल्या भांडणापासून शेजारच्या काकूंशी सासूबाईंचा अबोला आहे. एकमेकींच्या दारावरूनसुद्धा जात नाहीत. आज त्याच काकूंना मनगट धरून ओढत दवाखान्यात घेऊन आल्या! काकूंच्या पोटरीवर गाठ — अजून फुटलेली नाही.
"हिला आधी बघा," सासूबाई म्हणाल्या. "भांडण काय, बरी झाली की करू."