पाकिटातलं तिसरं कार्ड

अहो,

ऑफिसच्या गेटवर कार्ड चालत नाही, बघ जरा, म्हणून आठवडाभर माझं डोकं खाल्लंत ना? तुम्ही अंघोळीला गेलात तेवढ्यात पाकीट उघडलं. कार्डं एकावर एक ठेवली की मशीन गोंधळतं, एकही वाचत नाही. ऑफिसच्या आणि घरच्या कार्डांमध्ये तिसरं, निळं कार्ड निघालं. ते ज्या इमारतीचं, तिथली दाराची मशीनं मीच बसवलीत. कार्डावरच्या नंबरावरून दार कोणाचं ते कळलं. माझ्या लाडक्या मैत्रिणीचं! स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतलात.

चहा गाळून ठेवलाय. निघताना दार ओढून घ्या. आपल्या आणि तिच्या, दोन्ही दारांची तुमची कार्डं मी फोनवरूनच बंद केलीत. आता खुशाल एकत्र ठेवा, काही फरक पडणार नाही.