गेल्याच्या तारखेचा कोरा रकाना

मी, श्रीमती केशरबाई पुंजाराम आवारी, वय ७१, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर, कोणीही भरीस न घालता आणि पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. डोळ्यांना कमी दिसतं, डोकं ठीक आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. बाजारपेठेतलं दुमजली घर माझ्या नावावर आहे. सासऱ्यांनी ते हिरड्याच्या व्यापारासाठी बांधलं. खाली वखार, वर आम्ही. तो धंदा बसला तेव्हा यजमानांनी वखारीत भिंती घालून चार खोल्या काढल्या आणि दारावर 'आवारी निवास' अशी पाटी लावली. भंडारदऱ्याला, रतनगडाला जाणारी माणसं उतरू लागली. दोन हजार आठ साली यजमान वारले. तेव्हापासून घर कायम भरलेलं आणि मी एकटी. चहा मागणारे खूप भेटले, माझं नाव विचारणारे दोघं-तिघंच.

२. चांगुणा सतरा वर्षं माझ्याबरोबर स्वयंपाक करते. मागची खोली, सगळी भांडी आणि गाय तिची. घर कोणाकडेही गेलं तरी ती हयात असेपर्यंत तिला त्या खोलीतून उठवू नये. ती तिखट बोलते, पण मला ताप होता तेव्हा उशाशी तीच बसली होती.

३. दीर सहादेव यांनी वाटणीत हिरड्याचा मोठा काटा नेला, वजनं माझ्याकडे राहिली. इतक्या वर्षांत दोघांनाही काही तोलता आलं नाही. जेवण विकणारं घर म्हणून त्यांनी आमच्याकडचं पाणी घेणंही सोडलं. वजनं त्यांना पोचती करावीत. माझा राग गेला, असं मात्र समजू नये.

४. घर मुलगा अजिनाथ याला. त्याबद्दल थोडं लिहायचं आहे.

उतरणाऱ्या प्रत्येकाचं नाव, येण्याचं कारण, आल्याची आणि गेल्याची तारीख रजिस्टरात हवी, असा पोलिसांचा नियम. दोन हजार चौदाच्या जूनमध्ये काजवे बघायला गर्दी लोटली होती. ओसरीत रांग होती. अजिनाथ लग्नानंतर पहिल्यांदाच सून अश्विनीला घेऊन पुण्याहून आला, न कळवता. सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, मग तिला घरात घ्यायचं. मी मान वरसुद्धा केली नाही. रजिस्टर सरकवलं आणि म्हणाले, "ओळखपत्र दाखवा."

तो म्हणाला, "आई, मी हाय."

तेव्हा उठले असते तर सगळं निभावलं असतं. पण लोक बघत होते, मी ओशाळले आणि म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. लिही."

त्याने लिहिलं. खोल्या भरल्या होत्या, म्हणून दोघांना वर माझ्या खोलीत पाठवलं आणि मी खाली पाहुण्यांना वाढत राहिले. सकाळी चहा घेऊन गेले तर अंथरूण घडी केलेलं. पहिल्या एसटीने दोघं निघून गेली होती. मग मी रजिस्टर वाचलं. येण्याच्या कारणापुढे त्याने 'आईला भेटणे' असं लिहिलं होतं. गेल्याची तारीख भरली नव्हती.

अकरा वर्षं तो आलेला नाही. दिवाळीला फोन करतो, तब्येत विचारतो, घराचं विचारत नाही. चूक माझी होती. फोनवर बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते.

एकदा तपासणीला आलेल्या हवालदारांनी त्या कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "आजी, ह्यो मानूस गेला न्हाई व्हय अजून?"

मी म्हणाले, "न्हाई. हाय इथंच."

५. घर विकायचं तर अजिनाथने खुशाल विकावं. त्याआधी एकदा अश्विनीला घेऊन यावं. चांगुणाने दारात दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकावा. मग त्याने ते रजिस्टर उघडून गेल्याची तारीख स्वतःच्या हाताने भरावी. वकील म्हणाले, असली अट कोर्टात टिकणार नाही. न टिको. तारीख भरायला हात धजला नाही, तर रकाना तसाच कोरा ठेवावा, आणि राहावं.

वाचून घेतलं, बरोबर आहे.
सही: केशरबाई पुंजाराम आवारी

आमच्यादेखत सही केली, साक्षीदार:
१. ज्ञानेश्वर श्रीमंत नवले, निवृत्त शिक्षक, राजूर
२. डॉ. आरती भांगरे, राजूर

ठिकाण: राजूर
दिनांक: १२ जून २०२५