मध खोटा निघावा म्हणून

जळगाव,
रविवार, १४ डिसेंबर

आदरणीय द्रौपदाअक्का यांस,
धाकट्या आधारचा सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत, म्हणजे शरीराने. बाकीचं पुढे येईलच. दाजींच्या गुडघ्याला नवं तेल सोसतंय का ते कळव. आणि तुझ्या दाढेचं काय झालं? (दाढ दुखते असं तू म्हणाली नाहीस, पण शुक्रवारी फोनवर बोलताना तुझ्या तोंडात काहीतरी होतं. लवंग असावी असा मी अंदाज केला आणि पुढे प्रश्नचिन्ह घालून डायरीत लिहून ठेवला.) विम्याचे कागद मिळाले का असं विचारायला मी तोंड उघडतोय तोच तू "बठ्ठं भेटनं रे भाऊ, बठ्ठं भेटनं" म्हणून हसलीस आणि फोन ठेवलास. कागद सगळे मिळाले हे बरंच, पण विम्याच्या कागदांवर माणूस हसतो कशाला, याचा मी दोन दिवस विचार करतो आहे. कागदांत काही चूक असेल तर सरळ सांग.

पुढचा विषयही फोनवर बोलता आला असता. पण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो, आणि तुझ्या ओसरीवर त्या वेळी कोण कोण बसलेलं असतं ते मला इथून दिसत नाही. मी कोणावर आरोप करत नाही. घडलं ते क्रमाने लिहितो.

प्राचीने पहिल्या पगारातून आम्हाला ओव्हन पाठवला, हे तुला माहीत आहेच. मुलीच्या पहिल्या पगाराची वस्तू खोक्यात ठेवली तर तिला वाईट वाटणार, आणि बाहेर काढली तर ती वापरावी लागणार. तीन आठवडे मी ती फक्त पुसली. गेल्या रविवारी हिची भुसावळला रेल्वेच्या दवाखान्यात ड्यूटी होती, मी घरी एकटा होतो, आणि प्राचीने पुण्याहून एका वडीची कृती पाठवली. (तिकडे तिला नट बार म्हणतात. चौकोनी कापलं की आपल्याकडे ती वडीच.) खाली नानकटाईसारखा खुसखुशीत थर, तो अर्धा भाजून घ्यायचा, मग काजू, बदाम, अक्रोड लोणी-साखर-मधाच्या पाकात घोळवून वर पसरायचे आणि पुन्हा भाजायचं. एकच पदार्थ दोनदा कशासाठी भाजायचा, ही माझी पहिली शंका. दुसरी शंका मोठी होती. खालच्या थरात मैदा, पिठीसाखर आणि लोणी; पाण्याचा एक थेंब नाही. पाण्याशिवाय पीठ धरून राहतं यावर तुझा-माझा विश्वास कसा बसावा? मी प्राचीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, पाणी घालू नका. बाबा, तुमच्या हातात आत्ता वाटी आहे, मला माहितीये." वाटी होती. मी ती खाली ठेवली. पीठ गिरणेच्या ओल्या वाळूसारखं झालं होतं, ते ताटलीत दाबून बसवलं, काट्याने टोचलं, आणि ओव्हनच्या काचेसमोर स्टूल टाकून बसलो. (बटणावर एकशेसत्तर लिहिलं आहे. आत खरोखर एकशेसत्तर आहे हे कोण सांगणार? ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यावर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास उरलेला नाही.) बदामही मी एकेक फोडून पाहिले, कारण दुकानदार त्यात जर्दाळूच्या बिया मिसळतात असं ऐकून होतो. एकही बी निघाली नाही. उलट त्यामुळे माझा त्याच्यावरचा संशय वाढला. काजू कमी पडले, तिथे आपले शेंगदाणे घातले. शेवटी सांगायला आनंद वाटतो की वड्या झाल्या. वास जिन्यावरून खाली गेला, आणि वासामागोमाग चंदनबाईकाकी वर आल्या.

काकींना तू ओळखतेस; मे महिन्यात त्यांच्या अंगणात बसून तुम्ही दोघींनी चिंचा फोडल्या होत्या. पण एक आठवण करून देतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तिथे आहे. चौदा वर्षांपूर्वी आपण तिघं घरं बघत हिंडलो होतो. आडनाव ऐकल्यावर "अजून भाड्याने द्यायचं ठरलं नाही" असं म्हणणारी तीन घरं तुला आठवत असतील. तिसऱ्या घराच्या फाटकाशी तू काय बोललीस ते मी लिहीत नाही. चौथ्या घरी भिकमचंदशेठ आडनाव विचारायच्या बेतात होते, तेवढ्यात काकी आतून म्हणाल्या, अंडं-मटण वर शिजवायचं नाही, एवढं पाळा, बाकी घर तुमचं. त्या एका वाक्यावर आम्ही इथे राहिलो, प्राची इथे मोठी झाली. आणि मी पाळलं, अक्का. भुर्जी खायचीच झाली तर बसस्टँडजवळच्या गाडीवर, आणि परत येताना बडीशेप.

तर काकींनी दारातूनच विचारलं, "आधार, अंडं नाही ना रे?" मी नाही म्हणालो. तिथे थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. मी पुन्हा नाही म्हणालो. मग लोण्याचा कागद दाखवला, मैद्याची पिशवी दाखवली, तिसऱ्यांदा नाही म्हणालो, आणि चौथ्यांदा (शपथेवर माझा काडीचा विश्वास नसताना) प्राचीची शपथ घेतली. काकींनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. सहा वड्या बशीत घेतल्या आणि खाली गेल्या.

संध्याकाळी सहाला मी डायरी लिहायला बसलो. नवा पदार्थ म्हणून जिन्नस लिहिले. मैदा दोन वाट्या. लोणी. पिठीसाखर. काजू, बदाम, अक्रोड, शेंगदाणे. मध पाच चमचे. इथे पेन थांबलं. दोन वर्षांपूर्वी काकींना खोकला झाला तेव्हा मी त्यांना आलं आणि मध घेऊन गेलो होतो, आणि त्यांनी हात जोडले होते: मध आमच्यात चालत नाही, किती जीव मरतात त्यात. हे मला माहीत होतं! अंडं, अंडं करत मी सगळं घर तपासलं आणि मध विसरलो. मी खोटं बोललो का? शब्दाने नाही. पंचशीलातलं चौथं शील शब्दाने शाबूत आहे. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईचा जन्मभराचा नेम माझ्या पाच चमच्यांनी मोडला असेल, तर ते शाबूत शील मी कुठे ठेवू?

लगेच खाली धावायला हवं होतं. धावलो नाही. खाली पाहुण्यांच्या चपला होत्या, असं कारण डायरीत लिहिलं आहे. (चपला चार होत्या. म्हणजे पाहुणे दोनच.) सोमवारी सकाळी बशी परत आली, रिकामी नाही, त्यांच्या पद्धतीप्रमाणे वर मठरी घालून. काकी म्हणाल्या, "फार छान होत्या हं." त्या क्षणी माझी शेवटची आशा संपली. तेव्हापासून मला वाटतं की त्यांना कळलं आहे. मंगळवारी जिन्यातला दिवा लागला नव्हता. बुधवारी त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि कारण नसताना चौकशी करणाऱ्यांतल्या त्या नाहीत.

आता मधाकडे येतो. तो मध तुझा. तूच गेल्या वर्षी दिलास, सातपुड्यातून आलेल्या माणसाकडून घेऊन, पोळ्यासकट, तुझ्या डोळ्यांदेखत पिळलेला. आणि थंडीत तो बाटलीत साखरेसारखा बसला तेव्हा मी तुला फोनवर म्हणालो की अक्का, तुला फसवलं, ही साखर आहे. तू दोन महिने बोलली नाहीस. ते सगळं मला आठवतं. म्हणूनच पुढचं लिहायला मला अवघड जातंय. गेला आठवडाभर मी मनापासून इच्छा करतो आहे की माझंच खरं असावं. मध खोटा असेल, नुसता साखरेचा पाक असेल, तर काकींचा नेम मोडलाच नाही! मी थेंब पाण्यात टाकून पाहिला. तो सरळ तळाशी गेला, म्हणजे खरा. काडी मधात बुडवून ओढली. पेटली, म्हणजे पुन्हा खरा. टीपकागदावर ठेवला, पसरला नाही. (जन्मभर मी दुकानदारांशी भेसळ आहे म्हणून भांडलो, आणि आता भेसळ सापडत नाही म्हणून बाटलीशी भांडतोय.) शेवटी ग्रंथालयात मधमाशीपालनाचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं आहे की अस्सल मध थंडीत बसतो. पुस्तक १९८७ सालचं आहे, म्हणून मी अजून थोडी जागा सोडली आहे.

वड्या तुलाही पाठवल्या असत्या, पण उरल्या नाहीत. (उरल्या होत्या, पाच. मधाची चव खरी की खोटी हे ठरवण्यासाठी मी त्या खाल्ल्या. पाचवीपर्यंत ठरलं नाही.) दाजींना आणि घरातल्या सर्वांना जय भीम सांग. लवंगेने दाढेला उतार पडला नाही तर डॉक्टरला दाखव.

तुझा,
आधार

ता. क. – हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की तो मध खोटा होता असं तू मला दोन ओळींत लिहून पाठवावंस. तुझ्या अक्षरात, खाली सही. म्हणजे मी ते काकींना दाखवू शकेन, कारण माझ्या तोंडच्या शब्दावर माझाच विश्वास राहिलेला नाही. तू खोटं लिही असं मी म्हणत नाही. मध खरा असेल तर मात्र काहीच लिहू नकोस.

ता. क. २ (मंगळवार) – पाकिटाला तिकीट नव्हतं म्हणून पत्र राहिलं, ते बरंच झालं. काल संध्याकाळी सहन होईना, म्हणून खाली गेलो. काकी अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: मध, पाच चमचे, टीपकागद. त्यांनी निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "मी खाल्ली कुठे?" मी म्हणालो, छान होत्या म्हणालात ना. "बघितल्या ना! छानच होत्या. खाल्ल्या असं मी म्हटलं का?" आणि मग, "एकदा नाही म्हणाला असतास तर तिथेच खाल्ली असती रे. चारदा म्हणालास, वर पोरीची शपथ. मी म्हटलं, यात नक्कीच अंडं आहे."

मला हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. चौदा वर्षं! मग आणखी एक शंका आली, जी मी डायरीत अर्धी लिहून सोडली आहे: अंड्यामुळेच ना? तुला ती तीन घरं आठवतात, म्हणून तुलाच सांगतो. काकींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि म्हणाल्या, "चल वर. माझ्यासमोर कर." त्या आमच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसल्या. प्रत्येक पुडी उघडून हुंगली, लोण्याच्या कागदावरचं बारीक अक्षर माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, मधाऐवजी साखरेचा पाक घ्यायला लावला आणि तो कुठे थांबवायचा ते बोटाने तार बघून सांगितलं. पाणी न घातल्याबद्दल त्यांनाही संशय आला. प्राचीला पुन्हा फोन करावा लागला. वड्या गार व्हायच्या आधीच त्यांनी एक उचलली, माझ्या ओट्याला टेकून उभ्याने खाल्ली, आणि दुसरी घेतली. दुसरी अर्धी झाल्यावर म्हणाल्या, "अंडं असतं तर जास्त फुगली असती का रे?" हे डायरीत लिहायचं नाही असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून पत्रात लिहिलं.

ता. क. ३ – मग पहिल्या सहा वड्या गेल्या कुठे, असं मी विचारलं. शेठना साखरेचा त्रास, अन्न टाकायचं नाही. तेव्हा त्यांचा पुतण्या बुधवारी पाइपच्या कामासाठी तुमच्या धुळ्याला येत होता, त्याच्याकडे त्यांनी डबा दिला. म्हणाल्या, द्रौपदाला अंडं चालतं ना, म्हणून तिच्याकडे पाठवल्या, आधारने दिल्यात असं सांगायला लावलं. तेव्हा, अक्का, शुक्रवारी तुझ्या तोंडात लवंग नव्हती. विम्याचे कागद तुला अजून मिळालेले नाहीत, त्यांची चौकशी मी कुरिअरवाल्याकडे करतो. वरची दोन ओळींची मागणी रद्द समज. मध खरा आहे, आणि गेल्या हिवाळ्यातलं माझं बोलणं मी मागे घेतो. आता फक्त वड्या कशा झाल्या होत्या तेवढं लिही. चांगल्या झाल्या असतील तर एकदाच लिही. चारदा लिहिलंस तर मला संशय येईल.