टाके धरले

मी, या घराची आणि अंगणापलीकडच्या शिवणखोलीची मालकीण, शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांचे आगीत टिकणारे कपडे शिवणारी शिंपीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मी पूर्ण शुद्धीत आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतं आणि कुणी ते नीट वाचत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. माझ्या मुलीने ते दोनदा वाचावं. मला कुणी धाक घातलेला नाही की आमिष दाखवलेलं नाही. आज सकाळी डॉक्टरांनी मला तपासलं, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. मी म्हटलं, "तुमच्या कोटाचं दुसरं बटण एका धाग्यावर लोंबतंय, तेही दाखल्यात लिहा." त्यांनी लिहिलं नाही, पण बटण मी लावून दिलं. दाखला सोबत जोडला आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. माझ्या दिराकडे एखादं निघालंच, तर ते खोटं समजावं.

कलम १. राहतं घर, त्यातलं सामान आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलीला, म्हणजे थोरलीला. स्वयंपाकघराची खिडकी ओढून लागत नाही, जरा उचलून लावावी लागते. ती दरवेळी ओढते आणि मग खिडकीला बोल लावते.

कलम २. शिवणखोली, मशिनं, कापायचं टेबल आणि मोठी कात्री हेही तिलाच. अट एकच. आगीत टिकणाऱ्या कपड्याची शिवण आगीत टिकणाऱ्या दोऱ्यानेच घालावी. कापड कितीही चांगलं असलं तरी दोरा साधा असेल तर शिवण आधी वितळते आणि कपडा अंगावरून सुटून पडतो. धंदा दिराबरोबर भागीत होता तेव्हा तो म्हणाला होता, "वहिनी, आतल्या शिवणीला साधा दोरा घाला. कोण उसवून बघतंय?" मी म्हटलं, "आग बघते, भावोजी." त्या दिवशी भागी संपली. जाताना त्याने त्या दोऱ्याचं खोकं टेबलावर मुद्दाम ठेवलं. ते मी उघडलेलं नाही. ते त्याला परत द्यावं. त्याने उशांचे अभ्रे शिवावेत.

कलम ३. भिंतीवर ओळीने टांगलेले नमुन्याचे कपडे, जिथे नव्या चालकांना शिकवतात त्या मैदानाला द्यावेत. काचेच्या कपाटात ठेवू नयेत, मुलांच्या हातात द्यावेत. मी कामाला लागले तेव्हा सुती कपडे रसायनात बुडवून वाळवायचे. दोन धुण्यांत ते रसायन निघून जायचं. मग एक जण जळाला आणि नवं कापड आलं. आणखी एक जळाला, एका थराचे दोन झाले, दोनाचे तीन. या गाड्यांची चाकं बाहेर, उघडी असतात. तसलं एक चाक निखळून कुणाच्या तरी डोक्यात बसलं, तेव्हा चाकांना दोर बांधले. तरीही पुढे एकाचं डोकं गेलं, तेव्हा चालकाच्या डोक्याभोवती धातूची दांडी आली. दांडीने गाडी कुरूप दिसते म्हणून पोरं कुरकुरली. त्यांना सांगावं, या खेळातला एकेक नियम आधी कुणाच्या तरी आईला कळलेला असतो.

कलम ४. माझ्या मुलाच्या, धाकट्याच्या, कपड्याच्या खांद्यावरच्या दोन पट्ट्या माझ्या कपाटात आहेत. लोकांना वाटतं या पट्ट्या शोभेच्या असतात. चालक बेशुद्ध असेल तर त्याला गाडीतून ओढून काढता यावं, म्हणून त्या असतात. पूर्ण माणसाचं वजन त्यांनी पेलायला हवं. मी त्यांना चार ओळी टाके घालते, दोन पुरतात असं सगळे म्हणतात तरी.

रुग्णालयात त्याचा कपडा कापून काढला. पट्ट्या मात्र अख्ख्या राहिल्या. एक थोरलीला द्यावी. दुसरी माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

कलम ५. हे कलम वकीलबाईंना पसंत नाही. त्या म्हणाल्या, "आजी, इथे मालमत्ता लिहायची असते." मी म्हटलं, "तीच लिहितेय."

धाकट्याचा एक मित्र आहे. अख्खं मैदान त्याला शिट्टी म्हणतं, कारण हेल्मेट चढेपर्यंत तो शीळ घालत असायचा. दोघं एकाच संघात, एकाच ताटातले. अकरा वर्षांपूर्वीच्या शर्यतीत वळणावर शिट्टी पुढे होता, धाकटा मागे. साध्या गाड्या घासल्या तर रंग जातो. या गाड्यांचं चाक चाकाला लागलं की मागची गाडी पुढच्या गाडीच्या चाकावर चढते आणि उडते. धाकट्याची उडाली, भिंतीवर आदळली आणि पेटली. मदतीची माणसं पोचायच्या आत शिट्टीने आपली गाडी सोडली, धावत मागे गेला आणि पट्ट्या धरून त्याला बाहेर ओढलं. त्यात त्याचे हातमोजे जळाले.

चौकशीत कुणालाच दोष दिला नाही, म्हणजे तो द्यायला लोक मोकळे झाले. शिट्टीनेच ऐन वळणावर वाट अडवली, असं ठरलं. थोरली तेव्हा कामासाठी परगावी होती. ती पोचली तोवर धाकट्याचं बोलणं थांबलं होतं. ती त्याच्या पायाशी बसून रात्रंदिवस बोलत राहिली. त्यातच तो गेला.

त्याआधी तो माझ्याशी बोलला होता. त्याचे शब्द लिहिते. "आई, पट्टी तुटली नाही ना?" मी म्हटलं, नाही रे. "टाके धरले गं," तो म्हणाला, जणू त्यानेच घातले होते. मग म्हणाला, "तिथे जागा नव्हती, मीच आत शिरलो. शिट्टीला कुणी बोलू नका. ताई ऐकायची नाही, तिला तू सांग."

मी सांगितलं. थोरली म्हणाली, "आई, तो औषधाच्या गुंगीत होता, आणि रडून रडून तुझी शुद्ध हरपली होती. दोघांतलं कुणीच भानावर नव्हतं. मी खरं काय मानू?"

पोरी, म्हणून हे इथे लिहिलं. आज माझे डोळे कोरडे आहेत, हात स्थिर आहे, आणि शुद्धीचा डॉक्टरांच्या सहीचा दाखला जोडलेला आहे. तो तसंच म्हणाला. त्याचा एकही शब्द तुझ्या वाट्याला आला नाही, याचा राग तू शिट्टीवर काढलास. हे शब्द तुझेच होते. तुझ्यासाठीच ठेवायला दिले होते. ते तुला देते आहे.

कलम ६. शिट्टीने तेव्हाच गाड्या सोडल्या. आता तो मशिनं दुरुस्त करतो. थोरली घरी नसली की मागच्या दाराने येतो, माझ्या मशिनांना तेल घालतो आणि उभ्यानेच चहा पितो. मी त्याला म्हटलं होतं, "अरे, तूच एकदा सांग ना तिला."

"काय सांगू, काकू? गेला त्याच्यावर ढकलू?"

"आणि तुझ्यावर ढकललंय ते?"

"राहू दे. माझ्या अंगवळणी पडलंय."

मोठी कात्री त्याला द्यायची माझी फार इच्छा होती. पण ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकीलबाई म्हणतात. मी त्यालाच विचारलं, कात्री हवी की सही करशील? तो म्हणाला, "सही करतो. कात्री थोरलीला लागेल." म्हणून त्याला या मृत्युपत्रात काहीही दिलेलं नाही. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, मला सही करताना बघितलं की झालं. वरचा भाग मी कापडाने झाकून ठेवणार आहे. वाचला तर तो सही करणार नाही, एवढं मी त्याला ओळखते.

त्याची सही वाकडी आली तर कुणी शंका काढू नये. त्याचा उजवा तळवा पुरता मिटत नाही. त्यावर एका पट्टीएवढा रुंद वण आहे. ती रुंदी मला मोजावी लागत नाही.

कलम ७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी थोरलीने करावी. बाकी कलमं तिच्या सवडीने. पाचव्याला मात्र सवड नको. शिट्टीला पुढच्या दाराने बोलवावं, बसायला खुर्ची द्यावी, आणि पाचवं कलम तिने स्वतःच्या तोंडाने त्याला वाचून दाखवावं. मध्येच आवाज बसला तर थांबावं. तो थांबेल.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: बुधवार, १७ नोव्हेंबर

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले, घरचे डॉक्टर: (सही) बाई पूर्ण शुद्धीत आहेत.

साक्षीदार दुसरा, मशिन दुरुस्ती करणारा: (सही) काकूंनी माझ्या डोळ्यांदेखत सही केली. मजकूर वाचलेला नाही.