दुरुस्तीले टाकलेला फोन

जिवती, ५ ऑक्टोबर २०२५

सौ. रीताबाईस दिव्यानीचा शि. सा. न.

मोठ्या बहिणीले लिहाची गोष्ट नाई, पण दुसरं कोण आहे मले? फोनवर आता भरोसा नाई, म्हणून पत्र.

मळणीमशीनवाल्या खुशालसोबत माह्यं वर्षभर होतं. प्रणितले, लग्नाच्या नवऱ्याले, ठाऊक नाई. गेल्या महिन्यात फोन दुरुस्तीले मुखरूच्या दुकानात टाकला, त्यानं आमचे फोटो काढून घेतले. म्हणते, बोलावीन तवा ये, नाई तर गावाच्या ग्रुपवर टाकतो. एकडाव गेली बाई. दुसऱ्यांदा नाई म्हटलं, तर केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. प्रणितले सांगतलं, न्हाणीत पडली. आता शनिवारी तलावाच्या पाळीवर बोलावलं आहे. खुशाल म्हणते, माह्यं नाव घेऊ नको.

देवाजी भाऊजीले नमस्कार. मले टाकू नको.

तुझी दिव्यानी


मार्कंडा, ८ ऑक्टोबर

चि. सौ. दिव्यानीस अ. आ.

खुशालचं वाचून तुले दोन थापडा माराव्या वाटल्या. मुखरूचं वाचून रडली. शनिवारी जाऊ नको! रविवारच्या पहिल्या गाडीनं मी येऊन राह्यली. प्रणितले तुझ्याच तोंडून कळू दे. तो चिडन, पण मुखरूसारखा नाई. आपण तिघं ठाण्यात जाऊ.

जीव सांभाळ. माह्यी माया आहे तशीच आहे.

रीता


चंद्रपूर जेल, २ नोव्हेंबर

सौ. रीताबाईस शि. सा. न.

तुझं पत्र मले भेटलंच नाई, तू जेलात भेटाले आली तवा कळलं. शनिवारी मी गेली. सोयाबीन कापाचा विळा पदराखाली घेतला होता, फक्त भेव दाखवाले. त्याले म्हटलं, फोटो मिटव. तो हासला. म्हणे, आज माह्ये दोन दोस्तबी येतीन. आन् माह्या गळ्याले हात घातला.

पहिला घाव खांद्यावर बसला. तो पळाला असता तर मी सोडलं असतं. त्यानं दगड उचलून माह्यं मनगट मोडलं. मग डाव्या हातानं मानेवर मारलं, तीनदा. तो पाण्याकडं सरपटत गेला, मायले हाका मारत. मी तिथंच उभी होती, हाका थांबेपर्यंत. मंग त्याचा फोन घेतला आन् रक्तानं भरलेल्या लुगड्यानं ठाण्यात चालत गेली.

हे बी डाव्या हातानंच लिहून राह्यली, समजून घे. येत राह्य.

दिव्यानी


जिवती, २० नोव्हेंबर

सौ. दिव्यानीस,

रीताबाईचं पत्र त्या शनिवारानंतरच्या सोमवारी आलं, मीच फोडलं. फोटो त्याच्या आधीच पोलिसांनी मले ठाण्यात दाखवले होते. खुशालच्या घरी जाऊन त्याचे दात पाडले, तोंड लालभडक झालं. तरी बरं नाई वाटलं. जेलच्या फाटकापर्यंत दोनदा आलो आन् वापस गेलो.

वकील म्हणते, मुखरू तुले मारत होता हे सांगाले, तुझ्या डोक्याची जखम पाह्यलेला घरचा माणूस पाहिजे. भर कोर्टात मले इचारतीन, बायको दुसऱ्याकडे जात होती का. सारं गाव आयकन. मी हो म्हणीन.

माफ केलं असं समजू नको. ते होईल का नाई, मले ठाऊक नाई. मंगळवारी येतो, या डाव आत येतो.

लोभाचं काही लिहत नाई.

प्रणित